विथच्या आत विथ: तो डॉट नेमका कोणाचा?

एका मासिक अहवालाच्या बी२ सेलमध्ये ४४,९८६.०० असा आकडा आला होता. त्या कॉलममध्ये चाळीस-पन्नास हजारांचेच आकडे असायचे, त्यामुळे तो कोणालाच खटकला नाही आणि खालच्या बेरजेतही गेला. दोन दिवस शोधल्यावर मला उलगडा झाला, की ती रक्कम नव्हतीच, ती १ मार्च २०२३ ही तारीख होती. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात साठवतं आणि त्या दिवसाचा क्रमांक ४४९८६ आहे. तारीख जायला हवी होती ए१ मध्ये, शीर्षकाशेजारी. मॅक्रो (एक्सेलची कामं आपोआप करणारा, व्हीबीए भाषेतला कोड) माझा होता आणि त्यातली चुकीची ओळही मीच घातली होती. कोड असा होता (डब्ल्यूएस म्हणजे अहवालाची शीट; कीवर्ड इथे देवनागरीत लिहिलेत, एडिटरमध्ये ते आणि अंक नेहमीसारखे रोमन लिपीतच टाइप करायचे):

विथ डब्ल्यूएस
    .टॅब.कलर = व्हीबीयलो
    विथ .रेंज("बी२:बी४०")
        .रेंज("ए१").व्हॅल्यू = डेट
        .नंबरफॉरमॅट = "#,##०.००"
        विथ .फॉन्ट
            .बोल्ड = ट्रू
            .साइझ = ११
        एंड विथ
    एंड विथ
एंड विथ

चौथी ओळ बघा. लिहिताना माझ्या डोक्यात शीट होती, पण कोड आतल्या विथमध्ये शिरलेला होता आणि तिथे डॉटचा मालक बदललेला असतो. तिथला डॉट म्हणजे बी२:बी४० ही रेंज. एका रेंजला तिची "ए१" मागितली, की एक्सेल त्या रेंजच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला सेल देतं, म्हणजे बी२. एरर येत नाही, कंपायलरही गप्प राहतो, कारण हे अगदी वैध वाक्य आहे. तारीख बी२ मध्ये बसली आणि पुढच्याच ओळीने तिला रकमेचा फॉरमॅट चढवला.

एवढ्यासाठीच हे लिहितेय. व्हीबीएमधला विथ ब्लॉक शिकायला पाच मिनिटं लागतात, पण एकात एक विथ वापरायचे तर नियम नीट माहीत हवेत.

मूळ कल्पना सोपी आहे. एकाच ऑब्जेक्टबद्दल (म्हणजे शीट, रेंज, फॉन्ट अशा एखाद्या गोष्टीबद्दल) पाच ओळी लिहायच्या असतील तर त्याचं नाव एकदाच विथनंतर द्यायचं आणि पुढे नुसत्या डॉटने सुरुवात करायची. आतल्या विथची स्वतःची ओळही डॉटने सुरू होऊ शकते आणि तो डॉट मात्र बाहेरच्या ब्लॉकचा असतो, कारण आतला ब्लॉक अजून उघडलेलाच नसतो. म्हणून वर विथ .फॉन्ट मधला फॉन्ट रेंजचा आहे आणि त्याखालचे .बोल्ड, .साइझ फॉन्टचे आहेत. विथची ओळ बाहेरच्याची, तिच्याखालच्या ओळी आतल्याच्या.

आता महत्त्वाचं. आतल्या ब्लॉकमध्ये बाहेरचा ऑब्जेक्ट पूर्ण झाकला जातो. निकलाउस विर्थ यांच्या पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेतही, १९७० पासून, विथ आहे, पण तिथे डॉट लावतच नाहीत. नाव आधी आतल्या रेकॉर्डमध्ये शोधलं जातं, तिथे नसेल तर बाहेरच्यात. व्हीबीएमध्ये असा शोध होत नाही. डॉट सर्वांत जवळच्या विथचा असतो आणि तिथे ते नाव नसेल तर तो बाहेर डोकावत नाही: टाइप माहीत असेल तर कंपाइल होतानाच तक्रार येते, ऑब्जेक्ट म्हणून घोषित केलं असेल तर चालवताना एरर ४३८. मला व्हीबीएची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. जावास्क्रिप्ट या भाषेने तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (कडक नियमांच्या पर्यायात) विथवर बंदीच घातली, कारण नाव कोणत्या ऑब्जेक्टमधून आलं हे कोड वाचून सांगता येत नव्हतं. आपल्याकडे निदान डॉट दिसतो.

तरी धोका उरतोच, तो दोन्हीकडे असलेल्या नावांचा. शीटला रेंज, सेल्स, रोज, कॉलम्स, पेरेंट आहेत आणि रेंजलाही आहेत. ही पाच नावं मी आतल्या ब्लॉकमध्ये दिसली की थांबून वाचते. शेवटची भरलेली ओळ काढायचं ठरलेलं वाक्य घ्या:

शेवट = .सेल्स(.रोज.काउंट, २).एंड(एक्सएलअप).रो

शीटच्या विथमध्ये .रोज.काउंट म्हणजे १०,४८,५७६ आणि वाक्य बरोबर चालतं. हेच वाक्य बी२:बी४० च्या विथमध्ये सरकवलं तर .रोज.काउंट होतो ३९, आणि कॉलम २ म्हणजे बी नव्हे, रेंजच्या हिशेबाने सी. शोध सी४० पासून वर सुरू होतो. उत्तर मिळतं, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याने मला पुन्हा दगा दिलेला नाही. बाहेरच्या ऑब्जेक्टला नाव असलेलं व्हेरिएबल द्या, त्याचा टाइप स्पष्ट लिहा (डिम डब्ल्यूएस अ‍ॅज वर्कशीट), आणि आतल्या ब्लॉकमधून बाहेरचं काही हवं असेल तर पूर्ण नावाने मागा: डब्ल्यूएस.रेंज("ए१").व्हॅल्यू = डेट. त्याहून चांगलं म्हणजे ती ओळ आतल्या विथच्या आधीच उरकून टाका. .पेरेंट वापरूनही रेंजवरून शीटवर जाता येतं. मी ते टाळते, कारण मध्ये आणखी एक विथ घातला की पेरेंटही बदलतो. टाइप लिहिण्याचा आणखी एक फायदा असा, की डॉट टाइप करताच एडिटर त्या ऑब्जेक्टची यादी दाखवतो. विथ ॲक्टिव्हशीट लिहिलं तर ही यादी येत नाही, कारण ॲक्टिव्हशीटचा टाइप नुसता ऑब्जेक्ट आहे.

पूर्ण नावाची ही सवय लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विथच्या ओळीतला ऑब्जेक्ट ब्लॉकमध्ये शिरताना एकदाच ठरतो. मध्येच सेट डब्ल्यूएस करून दुसरी शीट दिली तर डब्ल्यूएस. नव्या शीटवर लिहील आणि नुसता डॉट जुन्याच शीटवर. एकाच ब्लॉकमध्ये दोन शीट सुरू झाल्या, आणि वाचणाऱ्याला ते दिसतही नाही. म्हणून फॉर ईच डब्ल्यूएस असा लूप असेल तर विथ नेहमी लूपच्या आत लिहा, बाहेर कधीही नको. हाच नियम उपयोगीही पडतो: विथ ॲक्टिव्हशीट उघडून आत नवी शीट जोडली, तरी डॉट जुन्या शीटलाच धरून राहतो.

दुसरी वारंवार दिसणारी चूक म्हणजे गळालेला डॉट.

.रेंज(सेल्स(१, १), सेल्स(१०, ३)).क्लिअरकंटेंट्स

साध्या मॉड्यूलमध्ये कंसातले सेल्स समोर उघडी असलेली शीट धरतात. तुमची शीट योगायोगाने समोर असेल तर सगळं सुरळीत, दुसरी असेल तर एरर १००४. म्हणूनच "माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी कंसातले डॉट मोजते. तिन्ही ठिकाणी डॉट हवा. ऑप्शन एक्स्प्लिसिट (प्रत्येक व्हेरिएबल आधी घोषित करायला लावणारी मॉड्यूलच्या वरची ओळ) इथे मदत करत नाही, कारण डॉटशिवायचं सेल्सही वैधच आहे. पण .व्हॅल्यू = ० चा डॉट गळाला तर ऑप्शन एक्स्प्लिसिट ते नक्की पकडतं. ती ओळ नसेल तर व्हॅल्यू नावाचं नवंच व्हेरिएबल गुपचूप तयार होतं आणि सेल तसाच राहतो.

एरर ९१ बद्दल थोडक्यात. विथला दिलेलं ऑब्जेक्ट नथिंग (म्हणजे रिकामं) असेल, किंवा गोटूने ब्लॉकच्या मध्यात उडी मारली असेल, तर ही एरर येते. फाइंड काही न सापडल्यास नथिंग देतं, म्हणून विथ .फाइंड(...) थेट लिहू नका. आधी सेट करा, इझ नथिंग तपासा आणि मगच विथ उघडा.

किती खोल जायचं? माझी मर्यादा दोन, आणि तिसरा फक्त फॉन्ट किंवा बॉर्डरसारख्या छोट्या, तीन-चार ओळींच्या कामासाठी. त्यापुढे गेलं तर आतला भाग मी वेगळ्या सबमध्ये (स्वतंत्र प्रोसिजरमध्ये) काढते आणि रेंज पॅरामीटर म्हणून देते. ब्लॉक स्क्रीनच्या उंचीहून लांब झाला तर एंड विथपुढे ॲपॉस्ट्रॉफी टाकून तो कोणाचा आहे तेही लिहिते.

आणि दुसऱ्याचा जुना मॅक्रो हातात आला, डॉटवर भरवसा वाटत नसेल, तर आतल्या ब्लॉकच्या पहिल्या ओळीत तात्पुरतं हे घाला:

डीबग.प्रिंट .पेरेंट.नेम, .ॲड्रेस

ब्लॉक रेंजचा असेल तर इमीजिएट विंडोमध्ये शीटचं नाव आणि पत्ता दिसेल. माझ्या त्या अहवालात $बी$२:$बी$४० असं छापून आलं, आणि खालच्याच ओळीत "ए१" लिहिलेलं होतं.