उभं राहिलं की धडधड: पॉट्समध्ये व्यायाम कसा जमला

तापानंतर उभं राहिलं की छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. निदान पॉट्स: उभं राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढते, रक्तदाब मात्र फारसा पडत नाही. रोज चालून पाहिलं, नुसती विश्रांतीही घेतली. त्रास वाढतच गेला. जीव मेटाकुटीला आला होता.

जमलं ते असं. उठण्याआधी पलंगावरच अर्धा लिटर पाणी. मग झोपूनच कमरेपर्यंतचे घट्ट मोजे चढवायचे (पाय सुजण्याआधी), पाय खाली सोडून बसायचं, पोटऱ्या आवळून सोडायच्या, मगच उभं राहायचं. आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. कढत पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैलावतात.

व्यायाम आधी आडवाच: पाठीवर झोपून पाय उचलणे, नंतर मागे टेकून चालवायची सायकल. चालणं सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी गळून गेलं तर लगेच कमी करायचं. मीठ वाढवलं, तेही डॉक्टरांना विचारूनच.