वनस्पतींच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण: या चुका टाळा

सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क मिसळल्यावर द्रावण तपकिरी झालं की नॅनोकण तयार झाले, ही समजूत आधी सोडा. अर्कातली पॉलिफेनॉल्स हवेतल्या ऑक्सिजनने स्वतःच तपकिरी होतात, सामू ८-९ वर नेला तर झपाट्याने. म्हणून तीन फ्लास्क एकदमच लावा: नऊ भाग १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट (१०० मिलिलिटरला १७ मिलिग्रॅम) आणि एक भाग अर्क, नऊ भाग पाणी आणि एक भाग अर्क, नऊ भाग सिल्व्हर नायट्रेट आणि एक भाग पाणी. तिन्हींना सामू, तापमान, प्रकाश तोच. दुसरा फ्लास्क ब्लँक (तुलनेचा शून्य) धरून यूव्ही-व्हिजिबल (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारा) आलेख घ्या. ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान चांदीच्या नॅनोकणांचं शिखर दिसलं तरच पुढे जा.

नळाचं पाणी कुठेही नको. क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढुरका गढूळपणा येतो. क्लोराइड पानांतही असतंच. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवर दिसणारी शिखरं सिल्व्हर क्लोराइडचीच. ती ‘अर्कातले सेंद्रिय घटक’ म्हणून खपवू नका. चांदी ३८.१ आणि ४४.३ वर दिसते. काचसामानावरची चांदी काढायला अ‍ॅक्वा रेजिया (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) वापरू नका, त्याने सिल्व्हर क्लोराइडचाच थर बसतो. पातळ नायट्रिक आम्ल घ्या आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने भरपूर खळबळा.

सगळ्यात महागात पडते ती कण न धुण्याची घाई. तक्रार ठरलेली असते: पहिल्या बॅचने जिवाणू छान मारले, दुसरी बॅच धुतली तर प्लेटवरचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ आक्रसलं, म्हणून धुण्यानेच कण बिघडले. बहुतेकदा कण बिघडलेले नसतातच. पहिल्या बॅचमध्ये मारत होते ते मुख्यतः उरलेले चांदीचे आयन. १ मिलिमोलर म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे १०८ मायक्रोग्रॅम चांदी, ई. कोलाय या जिवाणूला रोखायला याहून बरीच कमी पुरते. अशा वर्तुळाचा आकडा नॅनोकणांच्या नावावर टाकणं चूकच.

सेंट्रिफ्यूजमध्ये बारा हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) २० मिनिटं फिरवा, वरचं पाणी वेगळं काढा, तळाचा थर डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा मिसळा. असं तीनदा. वरचं पाणी पिवळंच राहिलं तर अगदी बारीक कण त्यात आहेत. वेग वाढवा किंवा डायलिसिस करा (पडद्यातून आयन बाहेर जाऊ द्या, कण आत राहतात). शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका. जिवाणू पसरलेल्या अगार प्लेटवर कणांच्या शेजारच्या विहिरीत (अगारात पाडलेल्या खळग्यात) ते घाला, तिसऱ्या विहिरीत नुसता अर्क. धुण्याच्या पाण्याभोवती वर्तुळ पडलं, तर धुणं अजून पुरं झालेलं नाही.

ओव्हनमध्ये वाळवलेली भुकटी पुन्हा नीट पसरत नाही. द्रावणच ठेवा, अंधारात, ४ अंश सेल्सिअसवर. पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) थेट टाकलेले कण गोळा होऊ शकतात, म्हणून पेशींच्या माध्यमात आकार पुन्हा मोजा. एमटीटी चाचणीत (एमटीटी या पिवळ्या रंगाचं क्षपण करून जिवंत पेशी तो जांभळा करतात) पेशींविना कणांचीही एक रांग हवी, कारण कणांवरची पॉलिफेनॉल्स एमटीटीचं क्षपण स्वतःच करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.