जुन्या एमएम ५४०चा सायलेन्सर दगडापासून वर घेताना

पाटण तालुक्यात आमचं शेत डोंगराच्या सोंडेवर आहे. शेवटच्या दीड किलोमीटरला रस्ता असा नाहीच. जांभ्याच्या पायऱ्या आणि मध्ये एक ओढा. माझी एमएम ५४०, म्हणजे महिंद्राची जीप, तिथं वर्षानुवर्षं जाते. १९९४ची गाडी, आत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, २११२ सीसी. दोन पावसाळ्यांपूर्वी उतरताना सायलेन्सर एका पायरीवर टेकला. कर्रकन आवाज आला, पण गाडी चालत होती म्हणून मी थांबलो नाही. पाटण येईपर्यंत मागे बसलेल्या लेकीचं डोकं ठणकायला लागलं, तिला उलटी झाली. मला वाटलं, घाट लागला. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो, तर इंजिनाकडून येणारा पुढचा पाइप फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीपाशी, निम्मा तडकलेला. बरोबर त्याच्या वरच्या पत्र्यावर काजळीचा पंखा उमटला होता. धूर गिअरच्या दांड्याभोवतीच्या रबरी बुटातून सरळ आत येत होता.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवतो. त्या दिवसानंतर इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत धुराची सगळी लाइन नव्याने बांधली. अशी जुनी जीप ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी ते काम सविस्तर लिहितो.

पाइप किती जाड घ्यायचा हे आधी ठरवा. या इंजिनाला टर्बो नाही. अडीच-तीन इंची पाइप घालून काही हाती लागत नाही, उलट तो चासी आणि चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या मध्ये मावत नाही. मी दोन इंची घेतला, तेवढा पुरतो. ‘थोडं बॅक प्रेशर’, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला अडथळा, ‘लागतंच’ असं गॅरेजात ऐकायला मिळेल. डिझेलला त्याची काही गरज नसते. पण म्हणून सायलेन्सर काढून टाकू नका. त्याने जाणवेल अशी ताकद वाढत नाही, गावातली म्हातारी माणसं आणि गोठ्यातली जनावरं तेवढी दचकतात. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२०नुसार सायलेन्सर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याचं आवाज-धुराचं कलम १९०(२) लागलं तर दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

आता जुनी लाइन उतरवायची. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे, खाली लोखंडी स्टँड. विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाच्या) नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी पाना लावल्यावर एकदम जोर करायचा नाही. पाव आटा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा. एवढं करूनही माझा एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्याचा खिळा, तुटलाच, तोही पृष्ठभागाच्या बरोबरीने.

अशा वेळी लोक लगेच ड्रिल काढतात. ड्रिल मऊ बिडाकडे सरकतं आणि मॅनिफोल्डचं भोक वाकडं होतं. त्याऐवजी तुटक्या स्टडवर मधोमध थोडा वेल्ड चढवा. त्यावर एक साधा नट ठेवा आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरत स्टडला जोडा. स्टड तापतो, फुगतो, गंजाची पकड सुटते. लाली जाऊन रंग काळा पडला की पाना लावा आणि हलक्या हाताने मागेपुढे करा. पहिल्या वेळी नट उपटून हातात आला तर पुन्हा लावा. माझा स्टड तिसऱ्या नटाला फिरला, आणि फिरताना जो ‘किर्र’ आवाज येतो तो ऐकून आजही बरं वाटतं. नवीन नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास नाही. गॅस्केट दर वेळी नवीनच.

मग मार्ग. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांच्या खालच्या कडेला आडवी दोरी ताणून बांधा. पाइप, सायलेन्सर, क्लॅम्पचा बोल्ट, काहीच त्या दोरीखाली उतरता कामा नये. दोरीच्या वर जागा कमी असते, म्हणून पाइप कशाजवळून जातोय ते एकेक बघा. डिझेलच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर अंतर नियम ११३च सांगतो. मी तिथं आणि ब्रेकच्या नळ्यांपाशी चार बोटं ठेवलं. जिथं जमलं नाही तिथं मध्ये पत्र्याची ढाल लावली. शाफ्टचं मात्र उभ्या गाडीवर कळत नाही. एक मागचं चाक जॅकने उचलून स्प्रिंगचे पाटे दाबले जातील असं करा, मग पुन्हा खाली जाऊन बघा. शाफ्ट किती वर येतो ते पाहून मला पाइप दोन इंच बाजूला घ्यावा लागला.

प्यूजोचं इंजिन चालू-बंद होताना जोरात हादरतं. त्यामुळे पुढच्या पाइपानंतर लगेच जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा हवाच. तो नसेल तर सगळा हिसका फ्लँजच्या वेल्डवर येतो. माझा पाइप दगडाने तडकला हे खरं, पण तडा जुनाच असावा, कारण त्याची अर्धी कड आधीच काळी होती.

पाइप १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी जाडीचा घ्या. पाण्याच्या लाइनचा जीआय पाइप स्वस्त मिळतो म्हणून कुणी देऊ केला तर नको म्हणा. त्यावर जस्त असतं. वेल्ड करताना त्याचा पांढरा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात सांगतो. पावसाळ्याच्या मुलखात स्टेनलेसला पैसे घालणं योग्य, कारण साधा पाइप आतून कुजतो. बाक तयार मिळतात, तेच आणा.

वेल्डिंग गाडीवर पूर्ण करू नका. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, अल्टरनेटरची वायर सोडा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, आणि पाइप जागेवर धरून वेल्डचे फक्त छोटे टाके मारा. बाजूला पाण्याची बादली आणि ओलं पोतं हवं. मग सगळी लाइन उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड करा. साध्या पाइपाला २ मिमीचा रॉड आणि कमी अँपिअर. अडीचच्या रॉडने एवढ्या पातळ पत्र्याला भोक पडतं. स्टेनलेस असेल तर टिग वेल्डिंगवाल्याकडे न्या. स्टेनलेस आणि साधं लोखंड जोडायचं असेल तर ३०९चा फिलर, म्हणजे सांध्यात भरायची स्टेनलेसची तार, मागा.

धूर बाहेर कुठे सोडायचा, यात बहुतेक जण चुकतात. नियम ११२ म्हणतो की धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही. मागे किंवा उजवीकडे. कापडी हुडाच्या जीपला मागे हवेची पोकळी तयार होते आणि ती धूर आत ओढते. म्हणून टोक बॉडीच्या मागच्या कडेच्या बाहेर निघालेलं हवं. ते मी थोडं उंचावरही ठेवलं. ओढ्यात इंजिन चालू असेपर्यंत धूर पाण्याला ढकलत राहतो, पण मध्येच बंद पडलं तर बुडलेल्या टोकातून पाणी सायलेन्सरमध्ये शिरतं. हवा ओढण्याच्या बाजूने पाणी गेल्याचा संशय असेल, तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून तापणारे प्लग) काढून इंजिन फिरवल्याशिवाय स्टार्टर मारू नका. सायलेन्सरच्या सर्वात खालच्या जागी ३ मिमीचं एक भोक पाडा, साचलेलं पाणी तिथून गळून जातं.

लटकवण्याला रबरच. जुन्या टायरची पट्टी दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळली की उत्तम काम देते. लोखंडाला लोखंड घट्ट बांधलंत तर पट्टी किंवा वेल्ड, दोन्हींपैकी एक तुटणार.

तपासणी थंड इंजिन नुकतंच सुरू करून. कुणाला तरी मागच्या टोकावर ओलं जाड फडकं चार-पाच सेकंद दाबून धरायला सांगा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तिथं गळती. धूर जास्त काळा वाटला तर पाइपाला दोष देऊ नका. पंप, नोझल आणि एअर फिल्टर बघा. अशा जुन्या डिझेल गाड्यांना पीयूसीत ६५ हार्ट्रिजची (धूर किती दाट ते मोजायचं एकक) मर्यादा आहे.

शेतापर्यंत एक फेरी मारून आलात की गाडी थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा आवळा. पहिल्या फेरीनंतर माझे दोन नट हाताने फिरत होते. पुढे महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली जा आणि सांध्यांवर कुठे काजळीची रेघ उमटली आहे का ते बघा. आमच्याकडे आता ते काम लेक करते.