आयोनियन बेटांमध्ये यॉटवरची सुट्टी: बेत कसा आखावा

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगत कॉर्फू, पॅक्सोस, लेफकादा, इथाका, केफालोनिया आणि झाकिंथोस ही बेटे उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली आहेत. ग्रीस म्हटले की आपल्याकडे सांतोरिनी आणि मिकोनोस यांचीच नावे आधी निघतात. पण ती बेटे एजियन समुद्रात आहेत आणि तेथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस असा वाहतो की भाड्याने घेतलेली यॉट बंदरात बांधून ठेवावी लागते. पहिल्यांदाच यॉट घेऊन आठवडाभर समुद्रावर राहायचे असेल, तर आयोनियन समुद्र निवडावा, आणि त्यातही लेफकादा, मेगानिसी, इथाका आणि उत्तर केफालोनिया यांच्यामधला भाग. येथे एका मुक्कामापासून दुसरा बहुधा आठ-दहा नॉटिकल मैलांवर असतो, म्हणजे पाच-सहा नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) वेगाने दोन तासांचे अंतर. भरती-ओहोटीचा फरक नगण्य असतो आणि जमीन सहसा नजरेआड होत नाही.

सर्वांत आधी यॉट कोण चालवणार हे ठरवावे, कारण खर्च, केबिनची संख्या आणि कागदपत्रे हे सारे त्यावरच अवलंबून असते. यॉट नुसती भाड्याने घेऊन स्वतः चालवण्याच्या पद्धतीला बेअरबोट म्हणतात. ग्रीसमध्ये त्यासाठी कप्तानाकडे मान्यताप्राप्त परवाना असावा लागतो आणि त्याच्या जोडीला शिडाची बोट हाताळण्याचा अनुभव असलेली आणखी एक व्यक्ती असावी लागते. गेटवेसमोरच्या पाण्यात शिडाची बोट चालवायला शिकलेले अनेक मुंबईकर आहेत, पण प्रत्येक संस्थेचे प्रमाणपत्र ग्रीसमध्ये चालतेच असे नाही. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी प्रमाणपत्राची प्रत चार्टर कंपनीला, म्हणजे यॉट भाड्याने देणाऱ्या कंपनीला, पाठवून लेखी होकार घ्यावा. परवाना असला तरी पहिल्या खेपेस स्थानिक कप्तान घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे मानधन दिवसाला साधारण दोनशे युरोंच्या आसपास असते, जेवण आपल्याकडे असते आणि त्याला झोपायला स्वतंत्र केबिन द्यावी लागते. सहा जणांच्या कुटुंबाने तीन केबिनची यॉट ठरवली आणि कप्तानाचा विचार नंतर केला, तर घोळ होतो. अशा वेळी चार केबिनचीच घ्यावी. सर्व कर्मचाऱ्यांसह मिळणाऱ्या मोठ्या यॉटचा हिशेब वेगळा असतो: तेथे भाड्याव्यतिरिक्त इंधन, जेवण आणि बंदर-शुल्क यांसाठी भाड्याच्या पाव ते एक-तृतीयांश इतकी रक्कम आगाऊ जमा करावी लागते आणि उरलेले पैसे शेवटी परत मिळतात.

साध्या शिडाच्या यॉटला आणि कॅटामरानला, म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेल्या बोटीला, एकाच तराजूत तोलू नये. कॅटामरान रुंद असते, कमी कलते आणि आजी-आजोबांना तिच्यावर वावरणे सोपे जाते. मात्र भाडे बरेच जास्त पडते, आणि छोट्या बंदरांत तिला जागा मिळणे अवघड होते. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे यॉटची मागची बाजू धक्क्याकडे करून बांधतात आणि चढ-उतार एका अरुंद फळीवरून करावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती फळी दिवसातून चार वेळा ओलांडणे जमेल का, हे घरीच मोकळेपणाने विचारून घ्यावे.

हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत नेमके मेअखेरीचे आणि जूनच्या सुरुवातीचे दिवस येतात, हा मराठी कुटुंबांचा मोठाच फायदा आहे. कारण तेव्हा गर्दी कमी असते आणि ऑगस्टमध्ये जी यॉट मिळते तीच जवळपास निम्म्या भाड्यात मिळू शकते. पाणी मात्र मे महिन्यात गारच असते. शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबर घ्यावा, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा पोहण्यास उत्तम असतो; परंतु हवामानाकडे अधिक लक्ष ठेवावे, कारण २०२० च्या सप्टेंबरमध्ये इयानोस नावाच्या चक्रीवादळाने याच बेटांना झोडपले होते. दिवाळीच्या सुट्टीचा बेत करू नये, कारण तोवर हंगाम सरत आलेला असतो.

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. हॉटेलच्या आरक्षणाऐवजी चार्टरचा करार, प्रवाशांची नावे असलेली यादी आणि यॉटवर चढण्याआधीच्या व नंतरच्या रात्रींच्या निवासाचा पुरावा जोडावा. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. त्यात नौकानयन वगळलेले नाही ना, हे पॉलिसीतील बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. कॉर्फूसमोर हाकेच्या अंतरावर अल्बेनियाचा किनारा दिसतो आणि तेथे चक्कर मारण्याचा मोह होतो. पण अल्बेनिया शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीचे दार बंद झालेच म्हणून समजावे.

लेफकादा हे बेट एका अरुंद कालव्यावरच्या फिरत्या पुलाने मुख्य भूमीला जोडलेले असल्यामुळे तेथे बोटीविना पोहोचता येते, आणि म्हणूनच चार्टरचा तळ म्हणून ते सोयीचे आहे. अथेन्सहून बसने सुमारे पाच तास लागतात. जवळचा विमानतळ प्रेवेझाचा, आक्तिओ येथे आहे. इ.स.पू. ३१ मध्ये ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्या आरमाराचा पराभव केला तो याच आक्तिओच्या समुद्रात, तेव्हा इतिहासप्रेमींनी उतरताना खिडकीजवळची जागा धरावी.

चार्टरचा आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो आणि यॉट संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते. त्या वेळी सर्वांना बाजारहाटाची घाई असते, पण दोन जणांनी मागे राहून यॉटची कसून तपासणी करावी. नांगर वर-खाली करणारे विद्युतयंत्र प्रत्यक्ष चालवून पाहावे. छोट्या रबरी होडीचे इंजिन सुरू करून घ्यावे. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का हे मोजून पाहावे, आणि ती हवी असल्याचे आरक्षणाच्या वेळीच कळवलेले असावे. आधीचे ओरखडे, फाटलेली शिवण, वाकलेले कठडे यांची छायाचित्रे घेऊन ती नोंद कागदावर करून मागावी. कारण अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर दोन-तीन हजार युरो अडकवलेले असतात. अनामत कमी करणारा विमा जास्तीचे पैसे भरून घेता येतो आणि बहुतेकांनी तो घ्यावा.

आता वाऱ्याविषयी, कारण दिवसाचे वेळापत्रक तोच ठरवतो. उन्हाळ्यात येथे सकाळी समुद्र जवळजवळ निश्चल असतो. दुपारी जमीन तापू लागली की वायव्येकडून माइस्त्रो नावाचा वारा उठतो, तीन-चारच्या सुमारास भरात येतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. शिडे उभारण्याची खरी मजा दुपारी असते, परंतु फिस्कार्दो किंवा किओनीसारख्या चिमुकल्या बंदरांतील जागा ऑगस्टमध्ये दोनपर्यंत भरून जातात. ही ओढाताण कोणालाच टळत नाही. गर्दीच्या दिवसांत सकाळी लवकर निघून, वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहावे आणि दुपारच्या आत जागा धरावी. जून किंवा सप्टेंबरमध्ये मात्र निर्धास्तपणे चारपर्यंत वाऱ्यावर राहावे. लेफकादाच्या दक्षिण टोकाचे वासिलिकी हे शीड लावलेल्या फळीच्या खेळासाठी (विंडसर्फिंग) प्रसिद्ध आहे, यावरूनच तेथे दुपारी डोंगरावरून किती जोराचे झोत येतात हे समजावे.

धक्क्याला लागणे हा या सुट्टीतला सर्वांत अवघड अर्धा तास असतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. बंदरात शिरण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना फेंडर (यॉट घासू नये म्हणून लावायचे फुगीर गादे) लटकवावेत आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोर मोकळे करून ठेवावेत. ज्या मोकळ्या जागेत शिरायचे तिच्या सरळ रेषेत, धक्क्यापासून यॉटच्या तीन-चार लांब्या दूर नांगर सोडावा आणि साखळी एकसारखी सुटत असताना इंजिन मागे चालवत सावकाश सरकावे. पुढे उभ्या असलेल्या माणसाने किती मीटर साखळी गेली हे मोठ्याने सांगत राहावे. धक्का दोन मीटरवर आला की आधी वाऱ्याच्या बाजूचा दोर किनाऱ्यावर द्यावा, मग दुसरा. त्यानंतर साखळी ओढून ताणावी आणि नांगराने तळ पकडला आहे याची खात्री इंजिनाला मागे जोर देऊन करून घ्यावी. या सगळ्यात घरातील कोणीही हात किंवा पाय धक्का आणि यॉट यांच्यामध्ये घालू नये. यॉटला ओरखडा पडला तरी चालेल. शेजाऱ्याच्या साखळीवर आपली साखळी पडणे नित्याचे आहे. सकाळी ती सोडवताना आरडाओरडा करून काही साधत नाही.

खाडीत मोकळा नांगर टाकायचा असेल तर पाण्याखालचा फिकट, वाळूचा भाग शोधावा. गडद दिसते ते पोसिडोनिया नावाचे समुद्री गवत असते. त्यात नांगर नीट रुतत नाही आणि हळूहळू वाढणाऱ्या त्या गवताची हानी होते, ती निराळीच.

मार्ग आखताना हाव धरू नये. लेफकादाहून निघून पहिली रात्र मेगानिसीच्या स्पार्तोखोरी किंवा वाथी येथे काढावी. वाटेत लागणारे स्कोर्पिओस हे बेट एकेकाळी जहाजसम्राट ओनासिसच्या मालकीचे होते. ते आजही खासगी असल्यामुळे पाण्यातूनच पाहावे लागते. पुढे इथाकाचे किओनी, मग केफालोनियाचे फिस्कार्दो. १९५३ च्या भूकंपात केफालोनियाची बहुतेक गावे जमीनदोस्त झाली, पण फिस्कार्दो बऱ्याच अंशी वाचले, त्यामुळे व्हेनिसच्या राजवटीतील वळणाची जुनी घरे तेथे अजून उभी दिसतात. एका रात्रीऐवजी दोन रात्री कोठे राहायचे असेल तर ते येथे. त्यानंतर आया एफिमियापर्यंत उतरावे, किंवा पूर्वेकडील कालामोस आणि कास्तोस ही शांत बेटे धरावीत, आणि सिवोतावरून परत यावे. पॅक्सोस सुंदर आहे, परंतु लेफकादाहून ते तीस मैलांहून अधिक दूर आणि परतीची वाट उघड्या समुद्रातली. त्यासाठी कॉर्फूहून वेगळी सहल करावी. झाकिंथोसही एका आठवड्यात बसवू नये. तेथील लागानास उपसागरात समुद्री कासवे अंडी घालतात आणि १९९९ पासून ते सागरी राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे काही भागांत बोटींना मज्जाव, तर काही भागांत सहा नॉटची वेगमर्यादा आहे.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींना आधी वाटते, पण ती फारशी खरी नाही. मसाले, पोहे, डाळी, मेतकूट हे सामान खुशाल न्यावे. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ आणण्यास मनाई असल्यामुळे तूप, पेढे, खवा घरीच ठेवावे. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही नेऊ नयेत. नारळ मात्र चालतो! यॉटवर दोन-तीन शेगड्यांचा गॅस असतो, तेव्हा छोटा कुकर बरोबर असावा. मिक्सर विसरावा, कारण धक्क्यावरची वीज जोडलेली नसताना फक्त बारा व्होल्टचा पुरवठा असतो. हॉटेलमध्ये ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचे काय आहे असे विचारावे: त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण ऑक्टोपस आणि शिंपले चालतात, म्हणून तेवढे स्पष्ट विचारून घ्यावे. फावा नावाची पिवळ्या डाळीची घट्ट पेस्ट लिंबू पिळून भाताबरोबर घेतली की वरणाची उणीव भासत नाही.

पहिल्याच संध्याकाळी सर्वांना, मुलांनाही, संडासाचा पंप शिकवावा. कागद त्यात कदापि टाकू नये. तुंबलेली नळी उघडून घेण्याचा खर्च आपल्याच माथी येतो. टाकीतील तीन-चारशे लिटर पाणी सात जणांच्या अंघोळीत दोन दिवसांत संपते, म्हणून पोहून आल्यावर मागच्या पायरीवर झटपट अंग धुवावे. चाकांच्या कडक बॅगा आणू नयेत, त्या ठेवायला जागाच नसते. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमीच होतो.

यॉट शनिवारी सकाळी रिकामी करून द्यायची असली तरी शुक्रवारी संध्याकाळीच ती तळावर परत आणण्याची अट करारात असते. उत्तरेकडून लेफकादाच्या मरिनाकडे (यॉटींच्या बंदराकडे) येणाऱ्यांनी फिरता पूल साधारण तासातून एकदा उघडतो हे लक्षात ठेवावे. इंधनाची टाकी भरून द्यावी लागते आणि शुक्रवारी दुपारी पंपापाशी यॉटींची लांब रांग लागते, म्हणून तेथे लवकर पोहोचावे. त्यानंतर पाणबुड्या यॉटच्या बुडाची पाहणी करतो. तो वर येऊन सही करीपर्यंत एकाने तेथेच थांबावे आणि अनामत सुटल्याचा कागद हातात घेऊनच मरिना सोडावा.