मॉडेलरला जोडायला ट्यूब अ‍ॅम्प घेताय? मग आधी अ‍ॅम्पची पाठ बघा

कुडाळपासून चिपळूणपर्यंत जो गिटारवाला भेटतो त्याच्याकडे आता हेलिक्स नाहीतर एचएक्स स्टॉम्प नाहीतर एखादं झूम, मूअर असा मॉडेलर (अ‍ॅम्प, पेडल, स्पीकर यांच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी पेटी) असतोच, आणि हेडफोनवर सहा महिने वाजवून झालं की सगळ्यांना एकच हुक्की येते, की आता काचेच्या ट्यूबवर चालणारा खरा ट्यूब अ‍ॅम्प पाहिजे. घ्या की, मी पण घेतला. पण घेताना बहुतेक जण चूक करतात ती इथेच, की अ‍ॅम्पच्या तोंडाकडे बघून घेतात. क्लीन (न फाटलेला आवाज) कसा वाजतो, गेन (आवाज फाडायची ताकद) किती आहे, समोरचं कापड किती भारी दिसतंय. अरे पण तो क्लीन आणि तो गेन तर तुम्ही मॉडेलरमधूनच काढणार आहात ना? मग त्या अ‍ॅम्पचा तुम्हाला उपयोग आहे तो मागच्या अर्ध्या भागाचा, म्हणजे आवाज मोठा करणारा पॉवर अ‍ॅम्प, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. आंब्याची पेटी घेताना वरचा थर बघून कोण पैसे देतं, हात खाली घालूनच बघतो ना आपण, तसंच हे.

आता जोडायचं कसं ते आधी सांगतो कारण त्यावरच सगळी निवड आहे. एक म्हणजे मॉडेलरचा आउटपुट सरळ अ‍ॅम्पच्या समोरच्या इनपुटला. हे चालतं, पण फक्त तेव्हाच जेव्हा मॉडेलरमधले अ‍ॅम्प आणि कॅब (स्पीकरची पेटी) दोन्ही बंद ठेवून त्याला नुसता पेडलबोर्ड म्हणून वापराल. अ‍ॅम्प मॉडेल चालू ठेवून परत खऱ्या, आवाज घडवणाऱ्या पुढच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये घुसवलं तर फोडणीवर फोडणी, आवाज करपतो. दुसरी पद्धत, मॉडेलरचा आउटपुट अ‍ॅम्पच्या मागच्या एफएक्स लूपच्या (मधे पेडल जोडायची सेंड आणि रिटर्न ही दोन भोकं) रिटर्नला. इथे अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प पूर्ण बाजूला पडतो आणि मॉडेलर थेट पॉवर ट्यूब्जशी बोलतो. मॉडेलरमधला कॅब किंवा आयआर (स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नक्कल) बंद करायचा, कारण खरा स्पीकर समोर आहेच, आणि अ‍ॅम्प ब्लॉकच्या जागी फक्त प्रीअ‍ॅम्पवालं मॉडेल लावून बघायचं. पूर्ण अ‍ॅम्प मॉडेल पण लावून बघा, नियमाने ते चूक असलं तरी कधीकधी तेच बरं वाजतं. तिसरी फोर केबल मेथड. गिटार मॉडेलरमध्ये, मॉडेलरचा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड मॉडेलरच्या रिटर्नला, आणि मॉडेलरचा आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. यात खरा प्रीअ‍ॅम्प आणि मॉडेलचा प्रीअ‍ॅम्प दोन्ही हाताशी राहतात, हवा तो घ्या.

म्हणजे दोन आणि तीन नंबरला एफएक्स लूप पाहिजेच पाहिजे. आणि इथेच लोकांचे पैसे जातात. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, काय गोड अ‍ॅम्प आहे, पण लूपच नाही. ट्विन रिव्हर्बला नाही, प्रिन्स्टनला नाही, जुन्या सिंगल चॅनल मार्शल जेसीएम८०० ला पण नाही. हॉट रॉड डिलक्सला आहे (त्यावर प्रीअ‍ॅम्प आउट आणि पॉवर अ‍ॅम्प इन असं लिहिलेलं असतं, काम तेच), मार्शल डीएसएल४० ला आहे, पीव्ही क्लासिक ३० ला आहे, बुगेरा व्ही२२ ला आहे. नुसतं आहे-नाही बघून पण थांबू नका. लूप सिरीज आहे की पॅरलल ते बघा. पॅरललमध्ये अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज पण सोबत वाहत असतो, फोर केबलमध्ये मग दोन आवाज एकमेकांत मिसळून पोकळ होतात, तेव्हा मिक्सचं बटण पूर्ण शंभर टक्क्यांवर जात असेल तरच घ्या. मागे लूपचा लेव्हल स्विच असेल तर बरंच, कारण काही लूप पेडलच्या हळू सिग्नलसाठी असतात आणि काही रॅकच्या मोठ्या सिग्नलसाठी. स्विच नसेल तर मॉडेलरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये इन्स्ट्रुमेंट आणि लाईन असे दोन पर्याय असतात त्यातून जमवायचं, सुरुवात इन्स्ट्रुमेंटने करा, आवाज फारच बारीक वाटला तर लाईन.

मग मास्टर व्हॉल्यूम कुठे बसलाय ते. काही अ‍ॅम्पमध्ये तो लूपच्या नंतर असतो, मग रिटर्नला लावल्यावर पण अ‍ॅम्पवरून आवाज कमीजास्त होतो. काहींमध्ये तो लूपच्या आधी, म्हणजे रिटर्नला लावलं की मास्टर मेला, आणि पॉवर अ‍ॅम्प सताड उघडा. एकदा एका मित्राच्या घरी मी हे न बघता प्लग लावला आणि पहिल्याच कॉर्डला ओटीवरचा मांजर थेट माडाच्या बुंध्याशी. म्हणून दुकानात गेलात तर एखादा छोटा मॉडेलर सोबत न्या, त्याचा आवाज शून्यावर ठेवून रिटर्नला लावा, हळूहळू वर आणा, आणि मग अ‍ॅम्पचं एकेक बटण फिरवून बघा कुठलं जिवंत आहे. बहुतेक वेळा बास-मिड-ट्रेबल मेलेले सापडतील कारण ते प्रीअ‍ॅम्पमध्ये असतात, प्रेझेन्स (वरच्या झणझणाटाचं बटण) मात्र चालतो कारण तो पॉवर अ‍ॅम्पच्या फीडबॅकवर बसलेला असतो.

आणि एक फसवणूक. फसवणूक म्हणजे कंपनीची नाही, आपलीच. 'ट्यूब अ‍ॅम्प' म्हणून घेतलेल्या छोट्या हेडमध्ये (स्पीकर नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये) कधीकधी एकच १२एएक्स७ ट्यूब असते, ती पण प्रीअ‍ॅम्पमध्ये, आणि पॉवर सगळी ट्रान्झिस्टरची. ऑरेंजचा मायक्रो डार्क असाच आहे. तो वाईट नाही, पण रिटर्नला लावलात की ती एकुलती एक ट्यूब रस्त्यातून बाजूला झाली, राहिलं काय? तर २० वॅटचा ट्रान्झिस्टर. तुम्ही पैसे ट्यूबचे दिले. उलटं उदाहरण लाईन ६ च्या डीटी२५ आणि डीटी५० चं, पुढे डिजिटल आणि मागे खऱ्या ट्यूब, ते पॉड एचडीला (लाईन ६ चाच जुना मॉडेलर) जोडायलाच बनवले होते. आता बंद झालेत, सेकंडहँड दिसला तर बघायला हरकत नाही.

पॉवर ट्यूब कुठली यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी दोन ओळीत उरकतो. ईएल८४ चा आवाज लवकर फाटतो आणि ती स्वतःचा रंग टाकते, ईएल३४ ला मिड जास्त, ६एल६ मोठी, साफ आणि खालून भरलेली. मॉडेलरमधून वीस वेगवेगळे अ‍ॅम्प काढणार असाल तर मागची बाजू जितकी कमी बोलेल तितकी बरी, म्हणून मी ६एल६ वाला ४० वॅट घेतला. वॅटच्या मागे फार लागू नका, ५० चे १०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला ते 'जरा मोठं' एवढंच कळतं, पाठीला मात्र नीट कळतं. फेंडर ट्विन जवळपास तीस किलो भरतो. हे तुतारी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चढवायचं आहे हे लक्षात ठेवा.

खरं सांगू का, नुसतं घरातच वाजवणार असाल तर ४० वॅट ट्यूबचा काही उपयोग नाही. आवाज एकवर ठेवलात तर पॉवर ट्यूब झोपलेल्याच असतात, ज्या 'फील'साठी पैसे दिले तो येतच नाही. आमच्याकडे जांभ्याच्या भिंती जाड असल्या तरी वर कौलं आहेत, आवाज सगळा फटीतून बाहेर, मग शेजारची आजी कुंपणापाशी येऊन "जरा हळू वाजय रे झिला" म्हणते आणि तिचं बरोबरच असतं. अशांनी सेमूर डंकन पॉवरस्टेज १७० सारखा पेडलएवढा ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प आणि एक चांगला कॅब घ्यावा, वर उरलेल्या पैशात दोन गिटारांचं सेटिंग होईल. ट्यूब त्यांनी घ्यावी जे गणपतीत, लग्नात, गोव्याच्या हद्दीवरच्या शॅकमध्ये ड्रमसोबत वाजवतात. त्यात पण मांडवात वाजवणार असाल तर ओपन बॅक कॉम्बोचा (मागून उघडा, स्पीकरसकटचा अ‍ॅम्प) विचार परत करा, मागे भिंत नसते ना, खालचा आवाज निघून जातो समुद्राकडे. क्लोज्ड बॅक कॅब पुढे फेकतो. स्पीकर कुठला आहे ते पण विचारा, कारण सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० असेल तर तुमच्या सगळ्या वीसच्या वीस पॅचना (मॉडेलरमध्ये साठवलेल्या सेटिंगना) त्याचा तो वरच्या मिडचा चावा लागणार, तो आवडत असेल तर ठीक.

आता कोकणातलं सेकंडहँड. वेंगुर्ल्याला एकाकडे ४० वॅटचा कॉम्बो होता, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चालू केला तर आवाज दबलेला, मधूनच जाणारा. मालक म्हणाला ट्यूब गेल्या असतील, म्हणून स्वस्तात देतोय. मी मागे वाकून बघितलं तर रिटर्नच्या जॅकवर हिरवट पांढरी बुरशीसारखी साय. खिशातली बोटभर पॅच केबल काढून सेंड आणि रिटर्न एकमेकांना जोडले, आणि अ‍ॅम्प गरजला. काय होतं, की लूप रिकामा असताना सिग्नल रिटर्नच्या जॅकमधल्या एका छोट्या पत्र्याच्या पट्टीवरून जातो, खाऱ्या हवेने तिच्यावर गंज चढतो आणि रस्ता तुटतो. ट्यूब ठणठणीत होत्या. मी ते मालकाला सांगून टाकलं, त्याने पण मग भाव थोडा वर नेला, दोघांचं जमलं. घरी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग वीसेक वेळा आतबाहेर केला, अजून चालू आहे. तेव्हा सेकंडहँड बघायला जाताना पॅच केबल न्याच, आणि एक पेन्सिल पण न्या, चालू अ‍ॅम्पच्या छोट्या ट्यूबना बाहेरून हळूच टकटक करायची, स्पीकरमधून टणटण जोरात आली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक (हादरा पकडून वाजणारी) झालीय. बाकी आत हात घालायचा नाही. आत तीनचारशे व्होल्ट असतात आणि कपॅसिटर प्लग काढल्यावर पण धरून ठेवतात. माझ्या त्या कॉम्बोत मागून टॉर्च मारला तर पालीची चार अंडी निघाली, ऊब कोणाला नको, पण ती पण मी मेकॅनिककडूनच काढून घेतली.

विजेचं बघा. मर्चंट नेव्हीतला मावसभाऊ अमेरिकेतून अ‍ॅम्प आणतो, तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. आमच्याकडे तो सरळ भिंतीत लावला गेला, नशीब की फ्यूजवर निभावलं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, मागच्या पाटीवर लिहिलेल्या वॅटच्या दीडदुप्पट ताकदीचा. पाटीवर लिहिलेले वॅट म्हणजे आवाजाचे नाहीत हं, विजेचे, ४० वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट ओढतो. पावसात व्होल्टेज नाचतं तेव्हा स्टॅबिलायझर लावा. घरच्या स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावू नका, गुरगुरतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. मॉडेलरला मात्र छोटा साइन वेव्ह यूपीएस द्या, लाईट एक सेकंद गेली तरी तो परत चालू होईपर्यंत गाण्याचं एक कडवं संपतं.

फोर केबलमध्ये हम (सततची घूं) येणार हे धरून चला, दोन्ही वस्तू दोन रस्त्यांनी अर्थ झाल्या की गोल तयार होतो. दोघांना एकाच बोर्डवर लावा. तरी आला तर एका केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला हम एलिमिनेटर टाका. अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे परत जाऊ नका. आधी घराला अर्थिंग आहे का तेच तपासा, आमच्याकडे जांभ्यात एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठाक पडतो, इलेक्ट्रिशियनने सांगितल्यापासून माडांना पाणी घालताना दोन बादल्या तिकडे पण जातात.

आणल्यावर पहिल्या दिवशी, स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. कॅब १६ ओहमचा तर अ‍ॅम्प १६ वर, ८ चा तर ८ वर. स्पीकरला गिटारची केबल लावायची नाही, ती बारीक असते, जाड स्पीकर केबलच. हेडफोनवर बनवलेले पॅच तसेच वापरू नका, आवाज वाढला की कानाला बास आणि ट्रेबल जास्त ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणून दुपारी आजी देवळात गेल्यावर तासभर खऱ्या आवाजात बसा आणि पॅच परत करा, बास बराच कापावा लागेल.

पावसाळ्यात चार महिने वाजवणार नसाल तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. माझा कॉम्बो जून ते सप्टेंबर कपाटात असतो, कपड्यांसाठी ठेवतो तसा खाली झिरोचा बल्ब लावून. जुना पिवळा, एलईडी नको, तो गरमच होत नाही.