पंखा बदलला, तेव्हा कुठे बोट चालली

गोसीखुर्दच्या जलाशयात मासेमारीसाठी आम्ही १५ एचपीचं सेकंडहँड आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेतलं. रिकामी बोट झकास पळायची. चार माणसं नि जाळी चढली की रडायची. मी आधी कार्ब्युरेटर खोलला. दोन दिवस वाया.

मग इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला आणि भरल्या बोटीत पूर्ण थ्रॉटल दिला. आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, ४४०० च्या वर जाईना. इंजिनाच्या पुस्तकात ४५०० ते ५५०० होते. म्हणजे बोट ढकलणारा पाण्यातला पंखा इंजिनाला फिरवायला जड. त्यावर पिच १० इंच कोरलेला. पिच म्हणजे लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा न घसरता एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल, तेवढं अंतर. गिअर २:१ (इंजिनाचे दोन फेरे, पंख्याचा एक) धरून हिशेब केला तर ताशी ३३ किमी यायला हवे. मोबाईलच्या जीपीएसवर दिसले १४. निम्म्याहून जास्त घसरण!

८ इंच पिचचा पंखा बसवला. आरपीएम ४८००, वेग १६. वाऱ्यासोबत एकदा, वाऱ्याविरुद्ध एकदा पळवून सरासरी काढली. नव्या जहाजांच्या समुद्र-चाचणीतही असंच दोन्ही दिशांनी पळवतात. त्याआधी छोटं मॉडेल लांब टाकीत ओढून पाहतात. आमची टाकी म्हणजे अख्खं धरण.

रिकाम्या बोटीत आरपीएम ५५०० ओलांडत नाही ना, हेही पाहून घेतलं, नाहीतर इंजिनच जायचं. रिकाम्या बोटीचा वेग थोडा घटला, पण आम्हाला कुठं शर्यत लावायची आहे? जुना पंखा फेकला नाही. जाळी न घेता पलीकडच्या काठाला जायचं असलं की तोच चढवतो.