पूर ओसरताच युरिया फेकू नका: भाताला खत देताना होणाऱ्या चुका

वाशिष्ठी, सावित्री किंवा अर्जुनेच्या काठावरील सखल मळ्यांत जुलैमध्ये पाणी चढते, तेव्हा बहुतेक ठिकाणी लावणी होऊन दोन-तीन आठवडेच झालेले असतात. पाणी किती दिवस राहील हे शेतकऱ्याच्या हातात नसते. पण बुडालेल्या रोपाजवळ तग धरण्यापुरता अन्नसाठा असेल की नाही, हे बऱ्याच अंशी आधी दिलेल्या खतावर ठरते.

सर्वांत महागात पडणारी चूक पाणी उतरल्यानंतर होते. पिवळी पडलेली, गाळाने माखलेली रोपे पाहून जीव कासावीस होतो आणि त्याच दिवशी युरिया फेकला जातो. परंतु त्या वेळी मुळे श्वास कोंडल्याने दुबळी झालेली असतात आणि त्यांना युरियातील नत्र (नायट्रोजन) उचलता येत नाही. ते वाहत्या पाण्याबरोबर खालच्या खाचरात जाते किंवा हवेत उडून जाते. आधी बांधाची तोंडे मोकळी करून पाणी काढावे, पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा आणि पाच-सात दिवस थांबावे. एखादा चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) उपटून बुंधा दाबून पाहावा: तो घट्ट आणि पांढरट असेल तर रोप जिवंत आहे, मऊ पडून कुजका वास येत असेल तर तेथे नांगी भरावी, म्हणजे मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावावे लागेल. मधून नवे पान निघालेले दिसले की मगच टप्प्याटप्प्याने द्यायच्या खताच्या राहिलेल्या हप्त्यातील निम्मा युरिया द्यावा आणि उरलेला आठ-दहा दिवसांनी द्यावा. एकदम भरपूर नत्र मिळालेल्या, पुराने जखमी झालेल्या पानांवर कडा करपा (पानांच्या कडा वाळवणारा जिवाणूजन्य रोग) फार लवकर पसरतो.

दुसरी चूक पुराच्या आधीची आहे. तरवा, म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली रोपे, हिरवागार दिसावा म्हणून युरिया सढळ हाताने दिला जातो. असे लुसलुशीत रोप बुडाल्यावर पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर उंच वाढते, बुंध्यातील साखर-पिष्टाचा साठा त्यातच संपवते आणि पाणी उतरल्यावर आडवे पडते. सुधारित जातींसाठी हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 50 किलो पालाश (पोटॅश) ही मात्रा कोकणात प्रचलित आहे. गुंठ्याच्या हिशेबाने नत्र 1 किलो, म्हणजे युरिया सुमारे 2 किलो 170 ग्रॅम. ते लावणीला 40, फुटव्यांच्या वेळी 40 आणि लोंबी धरण्याच्या सुमारास 20 टक्के असे विभागून देतात. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल, तर फुटव्यांचा हप्ता खुशाल पुढे ढकलावा. हप्ता आठवडाभर लांबल्याचे नुकसान वाहून गेलेल्या युरियापेक्षा कितीतरी कमी आहे.

स्फुरद आणि पालाश मात्र मागे ठेवू नयेत, कारण मुळांची वाढ आणि बुंध्याचा कणखरपणा त्यांवरच अवलंबून असतो. आपल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात, म्हणून तो चिखलणीतच मिसळावा. साचलेल्या पाण्यावर फेकलेला स्फुरद शेवाळच पोसतो. तरव्याच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळली, तर सिलिकामुळे रोप ताठ होते.

पाण्यावर तांबूस तवंग आणि पानांवर विटकरी ठिपके दिसले, तर ती नत्राची भूक समजू नये. ते बहुधा जास्त विरघळलेल्या लोहाचे लक्षण असते. तेथे पाण्याचा निचरा करून पालाश द्यावा.

युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरद देणारे खत) दाबून केलेल्या गोळ्यांबद्दल थोडे स्पष्ट सांगावेसे वाटते. चारसूत्री या भात लागवडीच्या पद्धतीत चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचलेली 2.7 ग्रॅमची गोळी एका खाचरातून दुसऱ्यात वाहणाऱ्या पाण्याने सहसा धुपत नाही, त्यामुळे उताराच्या खाचरांना ती उत्तमच आहे. पण जेथे पीक दरवर्षी अनेक दिवस पूर्ण बुडते, तेथे सगळे नत्र आधीच देऊन टाकण्यापेक्षा हप्ते हाताशी ठेवावेत, असे माझे मत आहे. अशा मळ्यांत स्वर्णा सब-1 सारखी, सुमारे दोन आठवडे बुडून राहिली तरी तगणारी जात लावली, तरी पाणी उतरल्यावरचा नत्राचा हप्ता चुकवू नये. ती जात बुडालेली असताना वाढ थांबवून साठा राखते, आणि पुन्हा फुटवे धरायला तिला खत लागतेच.